साळिंदर काटे फेकत नाही

चार महिन्यांपूर्वी डोंबिवलीतल्या एका मंडळानं माझा सत्कार केला. वय झालं की सत्कार होतात, त्यात विशेष काही नाही. पण व्यासपीठामागे त्यांनी माझं एक जुनं चित्र कापडावर मोठं करून लावलं होतं. अंगावरचे काटे बाणांसारखे सोडणारं साळिंदर, आणि समोर नाकात, पंजात काटे घुसलेला बिबट्या. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या शाळांत त्या काळी शिकलेल्या पुष्कळांना ते चित्र आठवतं. निवेदन करणारी मुलगी म्हणाली, "हे चित्र बघून एक अख्खी पिढी जंगलाच्या प्रेमात पडली." टाळ्या झाल्या. मी हात जोडले आणि शाल सावरत बसून राहिलो.

ते चित्र खोटं आहे. साळिंदर काटे फेकत नाही. चित्र काढताना मला हे ठाऊक होतं, कारण साळिंदर शत्रूला कसं तोंड देतं ते मी जवळून पाहिलेलं होतं. ज्या माणसानं मला ते दाखवलं, त्याच्याच पुस्तकात मी ते चित्र घातलं, आणि दोष त्याच्या माथी गेला. भास्कर आठल्ये हे त्यांचं नाव. त्यांना ओळखणारं आता बहुधा माझ्याखेरीज कोणी नाही. मी गेल्यावर फक्त ते चित्र राहील, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

कल्याणच्या ज्या शाळेत मी चित्रकला शिकवायला लागलो, तिथे आठल्ये मास्तर शास्त्र शिकवत. स्वातंत्र्य मिळून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी तेविशीतला, ते चाळिशी ओलांडलेले. उंच, किडकिडीत, मान कायम पुढे झुकलेली. धोतर, बंद गळ्याचा कोट आणि पायांत कॅनव्हासचे बूट. हे बूट मुख्याध्यापकांना अजिबात पसंत नव्हते. एकदा त्यांनी तसं सुचवलं तेव्हा मास्तर म्हणाले, "वहाणा वाजतात हो." शाळेत कोणाला चाहूल लागायला नको होती, देव जाणे. पण खडवलीच्या नदीकाठी आणि शाळेच्या व्हरांड्यात चालताना त्यांच्या लेखी फरक नसे.

पहिल्याच आठवड्यात मी वर्गात फळ्यावर नाग काढला होता. फणा उभारलेला, जबडा वासलेला, जीभ बाहेर. मुलं खूश होती. तास संपला तरी दारात कोणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून वळलो, तर मास्तर.

"सुरेख काढलात. कुठे पाहिलात?"

"कॅलेंडरवर," मी म्हणालो.

"तरीच. अहो देवधर, फणा काढलेला नाग असा तोंड वासून बसत नाही. फणा हीच त्याची धमकी. तोंड उघडायची पाळी येऊ नये म्हणून तर तो बिचारा फणा काढतो."

असं म्हणून त्यांनी खडू घेतला, नागाचं तोंड पुसून मिटवलं आणि निघून गेले. मला राग आला. मग फळ्याकडे पाहिलं, तर मिटल्या तोंडाचा नाग पहिल्यापेक्षा भयंकर दिसत होता.

त्यांच्या कोटाच्या एका खिशात शाईचं पेन असे, दुसऱ्यात पेन्सिल. वहीत जे ऐकलेलं ते पेन्सिलीनं लिहायचं, जे स्वतः पाहिलेलं ते शाईनं. ऐकलेलं पुढे कधी पाहायला मिळालं की पेन्सिलीच्या अक्षरांवरून शाई फिरवायची. अशा अकरा वह्या त्यांच्याकडे होत्या, आणि अकराही वह्यांचा विषय एकच: रानातले जीव स्वतःला वाचवतात कसे. शत्रूपासून आणि आपल्याच जातीतल्या वैऱ्यापासून. पाल शेपूट टाकून पळते, खवल्या मांजर अंगाचा चेंडू करतं, भेडसावलेला बेडूक फुगून साप गिळू शकणार नाही एवढा होतो. मुलांना सांगताना मास्तर स्वतःच गाल फुगवून, हातापायांवर उंच होऊन दाखवत. मी एकदा विचारलं, हाच विषय का. ते म्हणाले, "वाघाच्या पंजाचं कौतुक करायला सगळं गाव आहे. ससा अजून जगात आहे, याचं कोणाला काही वाटत नाही."

त्यांची घरी ख्याती निराळीच होती. डोंबिवलीला स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर, भाताच्या खाचरांना लागून त्यांच्या दोन खोल्या होत्या. सुमतीवहिनी मला म्हणायच्या, "भाऊजी, यांना उद्या साप चावला ना, तर आधी वहीत लिहितील, मग मला हाक मारतील."

"आणि शाईनं लिहीन," मास्तर आतून म्हणायचे.

माणूस सोपा नव्हता. चारचौघांत कोणाला तोडायला मागेपुढे पाहत नसत. शाळेच्या बक्षीस समारंभाला एकदा एक निवृत्त अंमलदार पाहुणे म्हणून आले होते. शिकारीचे शौकीन. त्यांनी रंगात येऊन सांगितलं की साळिंदरानं वीस हातांवरून काटे सोडून बिबट्याला आंधळा केला. मुलं श्वास रोखून ऐकत होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून मास्तर उठून उभे राहिले.

"साहेब, आपण स्वतः पाहिलंत का?"

पाहुणे हसले. "माझ्या शिकाऱ्यानं पाहिलं होतं."

"मग ते पेन्सिलीनं सांगा," मास्तर म्हणाले आणि खाली बसले.

पाहुण्यांना अर्थात काही कळलं नाही, पण शिक्षकांच्या रांगेत खसखस पिकली. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी मास्तरांना तासभर उभं केलं. ते बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले?" तर म्हणाले, "फुगले होते. पण चावले नाहीत."

पुढे आम्ही रविवारी बरोबर भटकायला जाऊ लागलो. ते पाहायचे, मी चित्र काढायचो. कोपरीच्या बाजूला खाडीच्या चिखलात लहान खेकड्यांची हजारो बिळं असत. त्यांतल्या नराची एक नांगी त्याच्या सगळ्या अंगाएवढी मोठी. दोन नर बिळावरून समोरासमोर आले की नांग्या वर करून एकमेकांना दाखवतात, जवळ येतात, नांगीला नांगी लावून अंदाज घेतात, आणि बहुतेक वेळा ज्याची लहान तो निमूट बाजूला होतो. एकही पाय तुटत नाही. आम्ही बांधावर ओणवे होऊन असं एक भांडण पाहत होतो, तेव्हा मिठागरावरून येणारी एक आगरी बाई पाटी डोक्यावर तशीच ठेवून थांबली.

"काय मास्तर, आज बी नुसतीच बघाची? धराची नाय?"

"नाही बाई. भांडण चाललंय, निकाल लागू दे."

"भांडनच बघाचा ता आमचे घरा ये. दोगी जावा हाव, रोज भांडताव. चा पन देन."

"मग माघार कोण घेतं?"

"मीच," ती म्हणाली. "माजी नांगी बारकी."

मास्तर इतके हसले की चिखलात बसले. आणि मग त्यांनी खरोखर ते वाक्य वहीत लिहून घेतलं. शाईनं की पेन्सिलीनं, ते मी पाहिलं नाही.

पण हसणं हा त्यांचा नेहमीचा भाग नव्हे. खडवलीला नदीच्या रेतीत एक चिखल्या पक्ष्याची मादी आम्हाला सामोरी आली, एक पंख जमिनीवर ओढत, तोल जात असल्यासारखी, केविलवाणी ओरडत. मी धरायला पुढे झालो. मास्तरांनी माझा सदरा मागून पकडला. "जिथे आहात तिथेच थांबा. पायाखाली पाहा." दोन हातांवर, खड्यांमध्ये खड्यांसारखीच तीन अंडी होती. पक्षिणीला काहीही झालेलं नव्हतं. आपण जायबंदी असल्याचं दाखवून ती आम्हाला अंड्यांपासून लांब नेऊ पाहत होती. आम्ही तिच्या मागे मागे गेलो, तिचं समाधान होईल एवढे लांब. पुरेसं अंतर झाल्यावर ती सरळ उडाली. मास्तर ती गेली त्या बाजूला पाहत राहिले. मग म्हणाले, "कोल्हा फसला नाही तर हीच मरते. ते तिला ठाऊक असेल का हो?" या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या वहीत कुठेच नव्हतं. त्यांना मूल नव्हतं. एक होऊन गेलं होतं, ते मला वहिनींकडून पुढे कळलं.

साळिंदराची नोंद मात्र सात वर्षं पेन्सिलीतच होती. टिटवाळ्याच्या पुढे एका पाड्यावर गोमा नावाचा आदिवासी ठाकूर राहायचा. त्याच्या रताळ्यांच्या वाफ्यात साळिंदर येतं असा निरोप आला, तेव्हा आम्ही त्याच्या ओसरीवर मुक्कामाला गेलो. पहिले दोन रविवार काही दिसलं नाही. तिसऱ्या खेपेला, उजाडायच्या सुमारास, गोमानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गप ऱ्हावा."

वाफ्याच्या कडेनं ते परत निघालं होतं. वाटलं त्यापेक्षा मोठं, थोराड, पाय मात्र आखूड. नेमका त्याच वेळी गोमाचा कुत्रा सुटला. साळिंदर पळालं, थबकलं, आणि कुत्र्याकडे चक्क पाठ केली. सगळे काटे उभे राहिले आणि ते एकदम दुप्पट झालं. पाय आपटले. शेपटीतले पोकळ काटे खुळखुळ्यासारखे वाजू लागले. कुत्रा थांबला, भुंकला. साळिंदरानं त्याला पुरेसा वेळ दिला. कुत्रा ऐकेना आणि पुढे आला, तेव्हा ते तसंच उलटं, मागच्या मागे, विलक्षण वेगानं त्याच्यावर धावून गेलं. कुत्रा किंचाळून कोलमडला. त्याच्या जबड्यात आणि छातीत सात काटे रुतले होते. साळिंदर झुडपांत गेलं. एकही काटा हवेतून उडाला नव्हता.

गोमा आणि मास्तर कुत्र्याला धरून काटे काढत बसले, मी हातातल्या कागदावर जमेल तेवढं उतरवत होतो. नंतर मास्तरांनी वही उघडली आणि सात वर्षांच्या पेन्सिलीवरून शाई फिरवली. शाई पेन्सिलीवर नेमकी बसली नाही, अक्षर दुहेरी उमटलं. "देवधर," ते म्हणाले, "आता तुम्हीही पाहिलंत. आता आपण दोघे आहोत."

त्याच वर्षी त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं. मुलांसाठी, सोप्या भाषेत, आणि फक्त शाईतल्या नोंदी घेऊन. चित्रं माझी. ठाण्याच्या एका छापखान्याचे मालक ते काढायला तयार झाले. शाळांच्या अवांतर वाचनासाठी पुस्तकं निवडणारी एक समिती होती. तिची मान्यता मिळाली की पुस्तक शाळाशाळांतून जाणार होतं. मास्तरांना दुसरं काही नको होतं. "पाच हजार मुलांनी जरी मिटल्या तोंडाचा नाग पाहिला, तरी झालं," असं ते म्हणत.

त्या काळी छापखान्याची रीत अशी की शेवटच्या प्रुफावर लेखकानं 'छापा' असं लिहून सही केल्याखेरीज मशीन सुरू होत नसे. मजकुराच्या प्रुफांवर मास्तरांनी सह्या केल्या. चित्रं छापायचे ठोकळे मुंबईहून यायचे होते, आणि तेवढ्यात गुहागरकडे त्यांची आई अंथरुणाला खिळल्याची तार आली. निघताना ते मला घेऊन छापखान्यात गेले आणि मालकांना म्हणाले, "चित्रांच्या प्रुफांवर देवधरांनी 'छापा' लिहिलं की ते मी लिहिल्यासारखं समजा. त्यांनी पाहिलेलं आहे."

चौथ्या दिवशी मालकांनी मला बोलावलं. टेबलावर माझं साळिंदराचं चित्र होतं. पाठमोरं, काटे उभारलेलं, समोर बिचकलेला कुत्रा.

"हा प्राणी पळून चाललाय की काय?"

"नाही, तो असाच मागे सरकत हल्ला करतो."

"अहो देवधर, मुखपृष्ठावर मी मुलांना प्राण्याची पाठ दाखवू? काटे उडू द्या की. आणि कुत्रा काय, कुत्रा घरोघर आहे. बिबट्या घ्या."

"मजकुरात तर लिहिलंय की..."

"मजकूर मागनं वाचतात. आधी चित्र बघून पुस्तक उचलतात." मग ते खुर्चीत मागे टेकले. "शाळांसाठी मोठे तक्ते काढायचं मनात आहे माझ्या. वीस-पंचवीस. चित्रकार शोधतोच आहे. तुमचं नाव इथेही घालू, मुखपृष्ठावर. लेखकाच्या बरोबरीनं."

मला कोणी धमकावलं नव्हतं. घरात कोणी उपाशी नव्हतं. मला माझं नाव छापलेलं पाहायचं होतं, एवढंच खरं कारण आहे. एका दुपारी मी ते चित्र काढलं, आणि इतकं जोरकस चित्र मी तोवर काढलं नव्हतं. मुखपृष्ठासाठी रंगीत, आतल्या पानासाठी रेखाटन. प्रुफं आली. मी दोन्हींवर 'छापा' लिहिलं. मास्तरांना पत्र टाकायला तेव्हा तीन आठवडे हाताशी होते.

आईचे दिवसवार करून मास्तर परतले तेव्हा प्रती बांधून तयार होत्या आणि समितीच्या सभासदांकडे गेल्याही होत्या. मीच त्यांच्या घरी प्रत नेऊन दिली. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं. आतलं पान काढून पाहिलं. डोक्यावरचे नुकतेच वाढू लागलेले खुंट हातानं चोळत राहिले.

"पहिलं चित्र आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

"मग घाबरू नका. गुरुवारी समितीची बैठक आहे, मला बोलावलंय. तुम्हीही या. ते चित्र दाखवा आणि सांगा की बदल छापखान्याच्या आग्रहावरून तुम्ही केलात. तेवढंच. दुसरा ठोकळा करू, पान बदलू. चूक कबूल केली की तिचं ओझं राहत नाही."

मी 'हो' म्हणालो.

बैठक ठाण्याला होती. मास्तर टेबलाच्या एका बाजूला, मी आणि छापखान्याचे मालक भिंतीशी खुर्च्यांवर. पहिलं चित्र माझ्या पिशवीत, गुंडाळी करून मांडीवर. मालक माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "तक्त्यांचा विषयही आजच यांच्यापुढे काढणार आहे." एका वयस्कर सभासदांनी पुस्तक उघडलं.

"आठल्ये, मजकुरात तुम्ही ठासून सांगता की साळिंदर काटे फेकत नाही. आणि चित्रात तर काट्यांचा पाऊस पडतोय. यातलं खरं काय?"

"मजकूर."

"मग हे चित्र पास कोणी केलं?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत दटावणी नव्हती. वर्गात उत्तर येणाऱ्या मुलाकडे शिक्षक पाहतो तसं पाहिलं, आणि वाट पाहिली. पुरेसा वेळ दिला त्यांनी मला. पंख्याचा आवाज येत होता. मी पिशवीच्या नाडीला हात लावला, आणि तसाच ठेवला.

"मी," मास्तर म्हणाले. "माझ्या नजरेखालून गेलं होतं. चूक माझी."

"मग बाकीच्या नोंदीही अशाच नजरेखालून गेल्या आहेत का?"

'लेखकाची निरीक्षणे विश्वसनीय वाटत नाहीत' असा शेरा पडला. माझ्या माहितीत त्या माणसानं सांगितलेली ती एकच खोटी गोष्ट, आणि तीच सर्वांनी खरी मानली.

जिना उतरताना ते माझ्यापुढे होते. बाहेर झिमझिम सुरू होती. वळून म्हणाले, "पिशवी कोटाखाली घ्या. चांगलं उतरलं होतं ते चित्र, भिजेल." म्हणजे ते पिशवीत आहे हे त्यांना सगळा वेळ माहीत होतं.

ते चित्र पुढे घर बदलताना कुठे गेलं, मला सांगता येणार नाही.

आठवड्यानं वहिनींनी मला दारातच गाठलं. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, हे म्हणतात चित्र मीच पास केलं. मला खरं नाही वाटत. तुम्ही तरी सांगा."

"आईंच्या आजारपणाची गडबड होती ना तेव्हा," मी म्हणालो. "नजरचुकीनं झालं असेल."

"असेल," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. मी तो चहा प्यालो.

शाळेत शिक्षकांच्या खोलीत थट्टा सुरू झाली. "काय मास्तर, हे शाईतलं की पेन्सिलीतलं?" कोणीही विचारावं, भाजीच्या भावावरूनसुद्धा. पूर्वी त्यांनी एका वाक्यात गप्प केलं असतं. आता ते चष्मा पुसत. समितीनं नाकारलं तरी पुस्तक बाजारात खपलं, मालकांचा अंदाज बरोबर होता. मुलं चित्र बघून उचलत, शाळा वाचनालयांसाठी आपणहून प्रती घेत. नाकारलेल्या पुस्तकातलं चित्र पुढे तक्ता होऊन भिंतींवर लागलं. लोक म्हणत, आठल्यांच्या पुस्तकातलं काटे मारणारं साळिंदर. तक्त्याखाली सही माझी असे.

माझ्याशी ते बोलणं सोडतील असं मला वाटलं होतं, काहीसं हवंही होतं. त्यांनी सोडलं नाही. भेटले की प्रकृतीची चौकशी करत. पण मी फळ्यावर पुष्कळ प्राणी काढले, आणि ते व्हरांड्यातून जाताना कधी थांबले नाहीत. एकदा तर मी मुद्दाम चुकीचं हरीण काढलं. ते दारावरून गेले, मान पुढे, कॅनव्हासच्या बुटांचा आवाज न करता.

दोन वर्षांनी मी शाळा सोडून तक्त्यांच्या कामाला ठाण्याला गेलो. मास्तर वारले त्याचं पोस्टकार्ड आलं तेव्हा माझ्या नावावर बरेच तक्ते झाले होते. मी भेटायला गेलो नाही. वहिनी नंतर गुहागरकडे गेल्या असं ऐकलं. वह्यांचं काय झालं, विचारायचं मला धैर्य नव्हतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते या पोस्टकार्डाच्या काही महिने आधी, टिटवाळ्याला. चित्रकलेच्या परीक्षेवर देखरेख करायला मला तिथल्या शाळेत पाठवलं होतं. रविवार होता. मी वेळेआधी पोचलो. शिपाई पटांगणात पाणी मारत होता.

"कागद वर्गात ठेवलेत, साहेब. अन् वाचनालयाच्या खोलीत एक जण बसलेत, त्यांची काही अडचण नाही ना?"

"कोण आहेत?"

"डोंबिवलीचे मास्तर हायेत. त्यांनीच लिवलंय म्हणतात ते पुस्तक. आपलंच पुस्तक मागून घेतात अन् खरवडीत बसतात. खडवलीच्या शाळेत पन जाऊन आले, तिथला शिपाई सांगत होता. कोपरीला पन जातात."

मी खिडकीशी गेलो. मास्तर पाठमोरे, जरा तिरपे बसले होते. चष्मा कपाळावर, डोळे पानापासून चार बोटांवर. दाढीचं अर्धं पातं काडीच्या फटीत बसवून त्यांनी त्याचं हत्यार केलं होतं. माझ्या चित्रातल्या, हवेत उडणाऱ्या काट्यांपैकी एकेक काटा ते खरवडून काढत होते. फार हलक्या हातानं, कारण त्या पानाच्या मागच्या बाजूला चिखल्याचा धडा होता आणि कागद पातळ होता. दोनचार वेळा खरवडायचं, फुंकर मारून भुकटी उडवायची, पान उजेडाकडे धरून भोक तर पडलं नाही ना ते पाहायचं, पुन्हा वाकायचं. मधे त्यांनी पातं खाली ठेवलं आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून बराच वेळ बसले. त्यांच्या मानेवरचे केस सगळे पांढरे झालेले मी तेव्हा पाहिले. दार माझ्यापासून सहा पावलांवर होतं.

मग ते उठले, पुस्तकं नीट एकावर एक ठेवली, छत्री घेतली आणि मागच्या फाटकानं स्टेशनच्या दिशेला गेले. मी ते वळेपर्यंत थांबलो आणि मग खोलीत शिरलो.

शाळेकडे तीन प्रती होत्या. पहिल्या दोन पुऱ्या झाल्या होत्या. मुखपृष्ठावर काटे होते तिथे कागदाचे पांढरे ओरखडे, बिबट्या काही न लागताच वेदनेनं तोंड वेंगाडतो आहे असा. आतल्या पानावर, रेखाटनाखाली, बारीक सरळ अक्षरांत लिहिलेलं: 'साळिंदर काटे फेकत नाही. चित्रातील चूक लेखकाची. भा. आठल्ये.' मुखपृष्ठावरच्या माझ्या नावाला त्यांनी पातं लावलं नव्हतं. तिसरी प्रत तशीच होती.

"ते पुढल्या खेपेला म्हणाले," शिपाई मागून म्हणाला. "डोळे चुरचुरतात त्यांचे."

मी तिसरी प्रत उघडून पाहत उभा राहिलो. परीक्षेला अजून अर्धा तास होता. माझ्या पेटीत पेन्सिली तासायचं पातं होतं, नवं.

"ठेवू का कपाटात?" शिपायानं विचारलं.

"ठेव," मी म्हणालो.